एक ‘ड्रॉ’, अर्थ अनेक

इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाच्या वहीत सूचना असते, ‘ड्रॉ अ कॅट’. म्हणजे मांजराचे चित्र काढा. दोन पानांनंतरच्या धड्यात एक बाई विहिरीतून पाणी ‘ड्रॉ’ करत असते. संध्याकाळी टीव्हीवर पाच दिवस चाललेला कसोटी सामना ‘ड्रॉ’ होतो. बाबांच्या टेबलाला ‘ड्रॉवर’ असतो, पाहुणे बसतात ती ‘ड्रॉइंग रूम’ असते आणि गणेशोत्सवात सोसायटीचा ‘लकी ड्रॉ’ असतो. मूल विचारते, ‘‘आई, ड्रॉ म्हणजे नक्की काय गं?’’ आई शब्दकोश उघडते. तिथे आकडे घातलेल्या अर्थांची ही मोठी रांग! आई कोश मिटते आणि सांगते, ‘‘पाठ करून टाक.’’

मराठी माध्यमात शिकलेल्या कितीतरी आयांची इथेच पंचाईत होते. आपले इंग्रजी कच्चे, मग मुलाला काय शिकवणार, असे त्यांना वाटते. पण या एका शब्दापुरते तरी तसे मुळीच नाही. ‘ड्रॉ’चे सारे अर्थ एकाच कृतीतून निघाले आहेत आणि ती कृती आपण रोज करतो. ती म्हणजे ओढणे. एखादी वस्तू हाताने आपल्याकडे ओढायची, एवढेच. या ओढण्यातून पुढे काय काय निघाले, याची गोष्ट मोठी रंजक आहे.

‘ग’चा झाला ‘व’

हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हा शब्द ‘द्रागन’ असा होता. अर्थ, ओढणे किंवा फरफटत नेणे. पुढे शब्दाच्या मधला ‘ग’ बोलता बोलता मऊ होत गेला, त्याचा ‘व’ झाला आणि ‘द्रागन’चे ‘ड्रॉ’ झाले. धनुष्याला इंग्रजीत ‘बो’ म्हणतात, तो शब्दही पूर्वी ‘बोगा’ होता. स्पेलिंगच्या शेवटी जो डब्ल्यू दिसतो, तो या हरवलेल्या ‘ग’ची आठवण आहे.

आपल्याला यात नवल वाटू नये. आपल्याकडे ‘नगर’मधला ‘ग’ असाच झिजला आणि गावांच्या नावांत ‘नेर’ उरले. संगमनेर, अंमळनेर ही नावे त्यातलीच. जिभेला जे सोपे, ते टिकते. हा नियम इंग्लंडात आणि महाराष्ट्रात एकच आहे.

मग ‘ड्रॅग’ हा शब्द कुठून आला? त्यातला ‘ग’ तर शाबूत आहे. नवव्या शतकात उत्तरेकडून समुद्रमार्गे आलेल्या व्हायकिंग लोकांनी इंग्लंडचा उत्तर आणि पूर्व भाग ताब्यात घेतला. ते तिथे राहिले, शेती करू लागले, स्थानिकांशी सोयरिकी झाल्या. त्यांची भाषा इंग्रजीची जवळची बहीणच होती. एग, स्काय, नाइफ, विंडो हे रोजचे शब्द त्यांनीच इंग्रजीला दिले. त्यांच्या भाषेत ओढण्याला ‘द्रागा’ म्हणत. ‘ड्रॅग’ हा शब्द या ‘द्रागा’वरून आला, किंवा उत्तर इंग्लंडच्या बोलीत जुन्या ‘द्रागन’चा ‘ग’ तसाच राहिला आणि त्यातून आला, असे कोशकार सांगतात. कोणतीही वाट धरा, ‘ड्रॉ’ आणि ‘ड्रॅग’ एकाच घरातले.

घर एक असले तरी दोघांनी कामे वाटून घेतली. जड वस्तू जमिनीवरून फरफटत नेणे ‘ड्रॅग’कडे गेले. हलके, सफाईदार, विचारपूर्वक ओढणे ‘ड्रॉ’कडे राहिले. गोणी ‘ड्रॅग’ करायची आणि रेघ ‘ड्रॉ’ करायची.

याच कुळातला जर्मन शब्द ‘ट्रागन’. पण त्याचा अर्थ ओढणे नसून वाहून नेणे किंवा अंगावर घालणे असा आहे. मूळ एक, अर्थ वेगळा. मराठीतली ‘शिक्षा’ आणि हिंदीतली ‘शिक्षा’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा प्रकार वेगळा समजावून सांगायला नको!

मुलांना छळणारी आणखी एक गोष्ट इथेच उलगडते. ‘ड्रॅग’चा भूतकाळ सरळ ‘ड्रॅग्ड’ होतो, पण ‘ड्रॉ’चा मात्र ‘ड्रू’ आणि ‘ड्रॉन’. असे का? इंग्रजीतली अगदी जुनी, रोजच्या वापरातली कित्येक क्रियापदे शेवटी प्रत्यय न लावता आतला स्वर बदलून भूतकाळ करतात. ग्रो-ग्रू-ग्रोन, नो-न्यू-नोन ही त्याच पंगतीतली. मराठीत तरी वेगळे काय आहे? ‘जातो’चे ‘जाला’ होत नाही, ‘गेला’ होते. ‘करतो’चे ‘केला’ होते. जे शब्द तोंडात सतत असतात, तेच आपल्या जुन्या खोडी सोडत नाहीत.

ओढायचा तो ‘ड्रॉवर’

आता घरात येऊ. जुन्या काळी युरोपात कपडे, कागद, भांडी ठेवायला मोठ्या लाकडी पेट्या असत. झाकण वर उचलायचे आणि तळाची वस्तू हवी असेल तर वरचे सगळे बाहेर काढायचे. मग कारागिरांनी पेटीला पुढून ओढता येणारे खण बसवले. ओढायचा खण म्हणून तो ‘ड्रॉवर’. सोळाव्या शतकापासून इंग्रजीत हा शब्द दिसतो. त्याच सुमारास पायांतून वर ओढून घालायच्या वस्त्रालाही ‘ड्रॉवर्स’ म्हणू लागले. टेबलाचा खण आणि अंतर्वस्त्र यांना एकच नाव कसे, याचे उत्तर एवढेच की दोन्ही ओढावे लागतात.

‘ड्रॉइंग रूम’चे कोडे याहून मजेदार आहे. त्या खोलीचा चित्रकलेशी काही संबंध नाही. तिचे पूर्ण नाव ‘विड्रॉइंग रूम’ होते. जुन्या इंग्रजीत ‘विथ’ या उपपदाचा एक अर्थ ‘दूर’, ‘मागे’ असा होता. ‘विड्रॉ’ म्हणजे स्वतःला मागे ओढून घेणे, बाजूला होणे. इंग्लंडमधल्या बड्या घरांत मोठ्या दिवाणखान्याला लागून एक खासगी खोली असे. गर्दीतून उठून घरच्या मंडळींनी निवांत बसायची ती जागा. पुढे जेवणानंतर पुरुष मंडळी टेबलाशीच मद्य घेत बसत आणि बायका उठून या खोलीत जात. सतराव्या शतकात नावाचा पुढचा भाग गळाला आणि ‘ड्रॉइंग रूम’ राहिली. म्हणजे जी खोली पाहुण्यांपासून दूर जाण्यासाठी होती, तिच्यातच आज आपण पाहुण्यांना बसवतो.

स्वयंपाकघरातही हा शब्द आहे. केटलीतला चहा झाकून ठेवला की इंग्रज बाई म्हणते, ‘लेट इट ड्रॉ’. पाणी पत्तीतला अर्क ओढून घेते, म्हणून. धुराडे धूर नीट वर खेचत असेल तर ते चांगले ‘ड्रॉ’ करते. फटीतून येणारा गार वारा म्हणजे ‘ड्राफ्ट’, कारण तो बाहेरून आत ओढला जातो.

या ‘ड्राफ्ट’ची दोन स्पेलिंगे आहेत. एक साधे आणि दुसरे ‘लाफ’सारखे मध्ये जीएच घातलेले. उच्चार मात्र एकच. जे ओढले जाते ते ड्राफ्ट. पिंपातून ओढून काढलेली बिअर ‘ड्राफ्ट’. नांगर किंवा गाडी ओढणारा बैल ‘ड्राफ्ट अ‍ॅनिमल’. पत्राचा कच्चा आराखडा, म्हणजे प्राथमिक रेघोट्या, तोही ‘ड्राफ्ट’. त्याला आपण ‘मसुदा’ म्हणतो. तो अरबीतून आलेला आणि त्याचा मूळ अर्थ ‘काळे केलेले’. इंग्रजाने कागदावर रेघा ओढल्या, अरबाने कागद काळा केला. काम एकच!

सामना ‘ड्रॉ’ का होतो?

खेळातल्या ‘ड्रॉ’मध्ये कोण कोणाला ओढते? इथेही ‘विड्रॉ’च कामी येतो, असे एक मत आहे. दोन्ही पक्षांनी निकाल न लागता मैदानातून माघार घेतली, लावलेली पैज परत घेतली, तो सामना ‘ड्रॉन’. क्रिकेटमध्ये ‘ड्रॉ’ आणि ‘टाय’ यांत फरक आहे तो यामुळेच लक्षात राहतो. टाय म्हणजे सगळे डाव संपून धावा बरोबरीत सुटणे. कसोटीत हे अगदी दुर्मीळ आहे. १९६० साली ब्रिस्बेनला ऑस्ट्रेलिया-वेस्ट इंडीज आणि १९८६ साली मद्रासला भारत-ऑस्ट्रेलिया हे असे सामने झाले. ड्रॉ म्हणजे निकाल लागण्याआधीच खेळ थांबणे.

याचे गमतीदार उदाहरण १९३९ सालचे. डरबनला दक्षिण आफ्रिका आणि इंग्लंड यांच्यात निकाल लागेपर्यंत खेळायचा, असे ठरवून कसोटी सुरू झाली. ३ मार्चला सुरू झालेला सामना १४ मार्चपर्यंत रेंगाळला. इंग्लंडला विजयासाठी ६९६ धावा हव्या होत्या. ५ बाद ६५४ झाल्या, फक्त ४२ उरल्या, आणि पाऊस आला. इंग्लंडच्या संघाला मायदेशी जाणारे जहाज गाठायचे होते. सामना ‘ड्रॉ’ करून खेळाडू निघाले. याला माघार नाही तर काय म्हणायचे?

‘लकी ड्रॉ’ मात्र सरळ आहे. भांड्यात हात घालून चिठ्ठी ओढून काढायची. मराठीत आपण ‘चिठ्ठी काढणे’ म्हणतोच. पण लॉटरीला किंवा म्हाडाच्या घरांना आपला शब्द वेगळा आहे, ‘सोडत’. इंग्रजीत नशीब ओढून काढतात, मराठीत सोडतात!

आपले ‘काढणे’

आता खरी गंमत. मराठीत ‘ड्रॉ’चा जुळा भाऊ शोधायला गेलो तर पहिल्यांदा ‘ओढणे’ आठवते. रेघ ओढणे म्हणजे ‘ड्रॉ अ लाइन’, शब्दाला शब्द. एखाद्याकडे मन ओढले जाणे, माहेरची ओढ लागणे, यातही तेच. पण ‘ड्रॉ’चा खरा जोडीदार आहे ‘काढणे’.

पाहा ना. विहिरीचे पाणी काढायचे, चित्र काढायचे, रांगोळी काढायची. तपासणीसाठी रक्त काढायचे. म्यानातून तलवार काढायची. चिठ्ठी काढायची. बँकेतून पैसे काढायचे, महिन्याचा पगार काढायचा. निष्कर्ष काढायचा. या प्रत्येक ठिकाणी इंग्रज ‘ड्रॉ’ किंवा ‘विड्रॉ’ वापरतो. हजारो मैलांवरच्या दोन भाषा, एकमेकींना विचारायला गेल्या नाहीत, तरी दोघींनी एकाच शब्दावर तीच ओझी लादली.

याचे कारण ‘काढणे’ हा शब्दही मुळात ओढण्याचाच आहे. पाली आणि प्राकृतात ‘कड्ढ’ म्हणजे ओढणे. त्याचे नाते संस्कृतातल्या ‘कृष्’ धातूशी जोडले जाते. ‘कृष्’ म्हणजे ओढणे आणि नांगरणेसुद्धा, कारण नांगर ओढावाच लागतो. त्यातूनच ‘कृषी’ आली. ‘आकर्षण’ म्हणजे आपल्याकडे ओढणे. ‘निष्कर्ष’ म्हणजे ओढून बाहेर काढलेले सार. तेव्हा ‘निष्कर्ष काढला’ म्हणताना आपण एकाच वाक्यात दोनदा ओढतो!

पुराणातही हा धातू भेटतो. बलरामाचे एक नाव संकर्षण. देवकीचा गर्भ ओढून रोहिणीच्या उदरात नेला, म्हणून हे नाव, असे भागवतात सांगितले आहे. आणि बलरामाचे आयुध कोणते, तर नांगर.

लॅटिन भाषेतही ओढण्याचा एक धातू आहे, ‘त्राहेरे’. अट्रॅक्ट, एक्स्ट्रॅक्ट, सबट्रॅक्ट हे सगळे त्याचेच. ट्रॅक्टर म्हणजे ओढणारा. म्हणजे ट्रॅक्टरने शेत नांगरणारा शेतकरी लॅटिन आणि संस्कृत दोन्ही एकदम बोलत असतो.

फक्त एक सावधगिरी हवी. दिसायला सारखे, म्हणून नात्यातले, असे नसते. सर्दीवर आपण जो काढा करतो, तो ‘काढणे’पासून आला, असे कोणालाही वाटेल. पण तो संस्कृत ‘क्वाथ’चा वंशज आहे. दूध कढणे आणि कढी ही त्याची भावंडे.

पैशाच्या कागदावर

आता जिथे हा शब्द न समजल्याने नुकसान होऊ शकते, तिथे येऊ. चेक लिहिणारा आपल्या खात्यातून पैसे ‘ओढण्याचा’ हुकूम देतो. म्हणून १८८१ सालच्या पराक्राम्य संलेख कायद्यात, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टमध्ये, चेकवर सही करणाऱ्याला ‘ड्रॉवर’ म्हटले आहे. ज्याच्यावर हा हुकूम निघतो ती बँक ‘ड्रॉई’, आणि ज्याला पैसे मिळायचे तो ‘पेयी’. डिमांड ड्राफ्टमधला ‘ड्राफ्ट’ही ओढण्याचाच. खात्यात आहे त्याहून जास्त ओढले की ‘ओव्हरड्राफ्ट’.

समजा, शिवणकामाचे पैसे म्हणून एखाद्या बाईला कोणी चेक दिला. तिने तो बँकेत भरला आणि चार दिवसांनी तो परत आला. सोबतच्या कागदावर लिहिले होते, ‘रेफर टू ड्रॉवर’. ज्याला ड्रॉवर म्हणजे टेबलाचा खण एवढेच माहीत, त्याने याचा काय अर्थ लावावा? हा बँकेच्या आतला काही शेरा असेल, असे समजून तो कागद खरोखरच टेबलाच्या खणात जातो. वास्तविक बँक सांगत असते की चेक लिहिणाऱ्याला विचारा. बहुतेक वेळा याचा अर्थ असतो, त्याच्या खात्यात पुरेसे पैसे नाहीत.

असा कागद खणात ठेवून चालत नाही, कारण कायद्याने मुदत घातली आहे. देणे फेडण्यासाठी दिलेला चेक पैसे नसल्यामुळे वटला नाही, तर १ एप्रिल १९८९ पासून लागू झालेल्या कलम १३८ खाली तो गुन्हा ठरतो. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण त्यासाठी चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांच्या आत चेक देणाऱ्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. नोटीस मिळाल्यावर पैसे देण्यासाठी त्याला १५ दिवस मिळतात. तरीही दिले नाहीत, तर त्यापुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. तेव्हा ‘ड्रॉवर’चा दुसरा अर्थ ठाऊक असणे हे नुसते इंग्रजीचे ज्ञान नाही, घामाचे पैसे वाचवण्याचा उपाय आहे. आता बरेच व्यवहार मोबाइलवरून होत असले, तरी घरभाडे, अनामत, उसनवारी यांसाठी चेक अजून चालतातच.

मुलाला कसे सांगाल?

यापुढे मुलाने ‘ड्रॉ’चा अर्थ विचारला तर कोशातली यादी वाचून दाखवू नका. त्याला उलटे दोन प्रश्न विचारा. इथे काय ओढले जाते आहे? आणि कुठून कुठे? पाणी विहिरीतून वर, पेन्सिल कागदावरून पुढे, पैसे खात्यातून हातात, गर्दी रस्त्यावरून तंबूत. ‘ड्रॉबॅक’ म्हणजे मागे ओढणारी गोष्ट, उणीव. ‘ड्रॉ निअर’ म्हणजे जणू कोणी ओढत असल्यासारखे जवळ येणे. ओढणारा हात सापडला की अर्थ सापडतो.

मात्र ‘काढणे’ दिसले की ‘ड्रॉ’ लावायचे, असा सोपा हिशेब करून चालणार नाही. फोटो आपण काढतो, इंग्रज तो ‘टेक’ करतो. आपण विमा काढतो, मोर्चा काढतो, रुसलेल्याची समजूत काढतो, बाळाची दृष्ट काढतो, वाईट दिवसही काढतो. यांतले काहीच इंग्रजीत ‘ड्रॉ’ करता येत नाही. तसेच त्यांच्या ‘ड्रॉ’चे. ‘ड्रॉ द कर्टन’ म्हणजे पडदा ओढणे, पण तो लावायचा की उघडायचा, हे त्या तीन शब्दांवरून कळत नाही. बाहेर रात्र झाली असेल तर लावायचा, सकाळ झाली असेल तर उघडायचा. वाक्य नीट वाचायला शिकवायचे असेल, तर याहून चांगले उदाहरण मिळणार नाही. आज संध्याकाळी मुलालाच खिडकीशी उभे करून विचारून पाहा.